छताची चौथी बाजू

धुळ्यात आग्रा रोडवर रुपचंद मिस्त्रीचं नाव घेतलं की पानटपरीवालासुद्धा त्याच्या गॅरेजकडं बोट दाखवायचा. ट्रकच्या बॉड्या बांधण्यात त्याची वीस वर्षं गेली होती. पण अठ्ठ्याऐंशी सालच्या जानेवारीत त्याचा साढू तोताराम कुवेतहून परतला आणि रुपचंदच्या पोटात दुखू लागलं. पारोळ्याच्या सासुरवाडीत थोरला जावई म्हणून पहिलं ताट आजवर त्याचं असायचं. आता सासू द्रौपदाबाई ते धाकट्यापुढं ठेवू लागली. "मना तोताराम कुवेत दखी उना," असं ती दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायची.

तोताराम चार दिवस धुळ्याला मुक्कामी होता, नेमकी तेव्हाच ती गाडी आली. गाडी कसली, चाकांवरचं घरच ते! आत पलंग, स्टोव्ह, भांडी धुवायला मोरीसुद्धा. जर्मनीचं एक म्हातारं जोडपं तिच्यातून देश पाहत फिरत होतं. धाब्याच्या घराला असतं तसं छताला उजेडाचं साणं होतं आणि त्यावर काचेसारख्या प्लास्टिकचं झाकण. वडाच्या खाली आलेल्या फांदीनं ते फोडून टाकलं होतं.

रुपचंद वर चढून माप घेऊ लागला. तेवढ्यात तोताराम खालून म्हणाला, "नो प्रॉब्लेम, सर! आय कुवेत. सेम काम, डेली!"

म्हातारा खूश झाला. त्यानं तोतारामचा हात हातात घेऊन हलवला.

"भाऊ, तुम्ही नवं झाकण तेवढं कापून द्या," तोताराम म्हणाला. "पाणी अडवायचं काम माझं. ते आपल्याकडं कुणाला येत नाही."

स्वतःच्या गॅरेजात, स्वतःच्या माणसांसमोर हे ऐकून रुपचंदची कानशिलं तापली. तरी पाट्या बनवणाऱ्याकडून त्यानं जाड ॲक्रिलिकचा तुकडा आणला, कापला, भोकं पाडली, ॲल्युमिनियमच्या चौकटीत बसवला. मग तोतारामनं कुवेतहून आणलेली सिलिकॉनची नळी काढली आणि बंदुकीसारख्या यंत्रात घालून छतावर बसला. रुपचंद शिडी धरून खाली उभा.

हत्यार द्यायला तो वर गेला, तेव्हा त्याला दिसलं. तीन बाजूंचं जुनं, कडक झालेलं रबर तोतारामनं खरवडून, थिनरनं पुसून काढलं होतं. चौथ्या बाजूचं मात्र तसंच होतं, धुळीसकट, आणि त्याच्यावरच तो नवं सिलिकॉन ओढत होता. रंगाचं काम करणाऱ्या नवख्यालाही कळावं की धुळीवर काही धरत नाही. आज धरल्यासारखं दिसेल. गाडी खड्ड्यांतून हादरली की सुटेल.

रुपचंदच्या ओठांवर शब्द आला होता. त्यानं तो गिळला. गळू दे, त्याच्या मनात आलं. कळू दे सगळ्यांना कुवेत काय चीज आहे ते.

दुसऱ्या दिवशी सिलिकॉन वाळल्यावर दोन बादल्या पाणी ओतून पाहिलं. आत थेंबही आला नाही. म्हातारीनं टाळ्या वाजवल्या आणि अजिंठ्याला जायला गाडी जळगावच्या रस्त्याला लागली.

त्या रात्री जेवताना रुपचंदची बायको लताबाई तोतारामचंच कौतुक करत होती. "आणि त्या म्हातारीनं मला आत नेऊन दाखवलं बरं का. तिचा पलंग नेमका त्या छतावरच्या झाकणाखाली. तिला छातीचा दमा आहे. झोप येत नाही तेव्हा चांदण्या बघत पडते म्हणे. खुणांनी सांगत होती बिचारी."

रुपचंदचा घास हातातच राहिला. पहाटे पाहतो तर पूर्वेला आभाळ काळंभोर. अवकाळी उठली होती. त्यानं रबर खरवडायची पट्टी आणि थिनरची बाटली घेतली, तोतारामनं गॅरेजात ठेवलेली अर्धी नळी पिशवीत टाकली आणि कुणाला न सांगता पहिली एसटी धरली.

जळगावला गाडी बदलून तो अजिंठ्याच्या वाटेवरच्या पहूरला पोचला, तोवर पाऊस पडून गेला होता. रस्त्याच्या कडेला ती पांढरी गाडी उभी होती. गादी, उशा, रजया सगळं काटेरी कुंपणावर वाळत घातलेलं. म्हातारी खुर्चीवर बसून खोकत होती. रुपचंदकडं पाहून ती ओळखीचं हसली. ते हसू त्याला झेपलं नाही.

तो तडक छतावर चढला. चारही बाजू उचकटल्या, पत्र्यापर्यंत खरवडल्या, थिनरनं दोनदा पुसल्या आणि ऊन पडल्यावर नवं सिलिकॉन भरलं. म्हातारा पाठ थोपटत म्हणाला, "तोताराम, गुड! तोताराम सेंड!" त्याला वाटलं, तोतारामनंच याला पाठवलंय. रुपचंदनं होकारार्थी मान हलवली.

धुळ्याला परतल्यावर त्यानं तोतारामला गॅरेजमागं नेलं आणि सगळं सांगितलं.

"माले तव्हयच दिसनं व्हतं," तो म्हणाला. "तुनं नाव व्हवाले नको, म्हनीसन मी बोलनू नही."

तोतारामनं पायाखालचा पत्र्याचा तुकडा बाजूला सरकवला.

"भाऊ, तठे कुवेतमा मनं काम गाड्या धुवानं व्हतं," तो म्हणाला. "हाई काम मी दूरथीन दखेल व्हतं. घरमा कोनले सांगू नका."

रुपचंदला बरं वाटलं. बरं वाटलं म्हणून लगेच लाजही वाटली. त्यानं कुणाला काही सांगितलं नाही, अगदी लताबाईलाही नाही.

होळीला सगळे पारोळ्याला जमले. द्रौपदाबाईनं शेजारच्या यशोदाबाईला बोलावून सांगितलं, आमच्या धाकट्या जावयानं साहेबाची गाडी कशी दुरुस्त केली ते. तोतारामनं मान खाली घातली. रुपचंदला आत पूर्वीसारखंच टोचलं. पण तो यशोदाबाईला म्हणाला, "हो, मावशी, खरंय," आणि पाण्याचा तांब्या तोतारामकडं सरकवला.