सुभेदारांचा गोळ्यांचा डबा

आमच्या सुभेदारांना एक खोड. पलटणीतनं पेन्शनीवर आलं तवापासनं औषध म्हणून टाकायचं न्हाई. फौजी दवाखान्यातनं गोळ्या आणायच्या, ताप उतरला की बंद करायच्या, उरल्याल्या लोखंडी डब्यात. आळीत कुणी खोकलं की उघडला डबा! "मिलिटरीची गोळी हाय, एक घे, उद्या उठून बसशील." लोकबी एवढी येडी, कोरेगावच्या डाक्टरकडं जायच्या आधी आमच्या दारात.

आमची सून रेश्मा बाळंत झाली आन् तिला लघवीला जळजळ व्हायला लागली. मी म्हणत हुते, डाक्टरला दावा. ह्यांनी डबा उघडला. गोळी घेतली की बरं वाटायचं, परत जळजळ, परत गोळी. एक दिवस थंडी वाजून जी पडली, ती साताऱ्यातनं थेट सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात.

तितं ऋचा नावाची डाक्टरीण हुती. औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंचा माग काढायचं तिचं काम. रगत तपासून म्हणाली, "आजी, हिला नेहमीची औषधं लागूच पडत नाहीत. आधी गोळ्या कुणी दिल्या?"

सुभेदार छाती काढून उभं राहिलं. "म्या दिल्या. मिलिटरीच्या."

बाई गं, वरड की ह्या म्हाताऱ्यावर! पण ती सभ्य पोरगी. अर्धवट गोळ्यांनी जंतू कसं निर्ढावत्यात, ते हळू आवाजात समजावत बसली. हे आपलं, व्हय, व्हय.

शेवटचं म्हणून एक इंजेक्शन हुतं, दिसाला तीनदा टोचायचं. माझ्या लेकानं, वीरधवलनं, सांगलीभर हिंडून आणलं. रेश्मानं माझा हात धरला. "आत्याबाई, पोरीला दूध कोण पाजतंय?"

"तूच येऊन पाज की," म्या म्हटलं. सकाळी ती गेली.

दहाव्याला घर माणसांनी भरल्यालं. नात रडायची थांबंना. तिला घेऊन आत गेले, तर सुभेदार फ्रीजपुढं बसल्यालं. रेश्माची उरल्याली इंजेक्शनं कागदात गुंडाळत हुतं.

"काय करताय?"

"शेजारच्या मानसिंगच्या आईला ताप हाय. कंपाउंडर सुई मारंल."

माझं टाळकंच फिरलं. "आवं, सून गेली की ह्याच्यापायी!"

"उशीर झाला म्हणून गेली." डोळं भरलं हुतं त्यांचं. "आपल्या रेश्माला हे पयल्या दिवशी मिळालं असतं तर? आता तसा उशीर कुणाला नको."

कडेवर पोर, एका हातानं काय हिसकावणार मी? मागच्या दारात मानसिंग उभाच हुता. त्यानं हात पुढं केला.