देव, असुर आणि भाऊबंदकी

ओवीने फरहादशी लग्न ठरवलं तेव्हा तिच्या आजोबांची, मनमोहन धुरंधरांची, तक्रार एकच होती: मुलगा बोंबील खात नाही. बाकी सगळं पसंत. एका रविवारी फरहादची आई गुलनारबाई दादरच्या पारशी कॉलनीतून गिरगावात जेवायला आल्या. फरहाद ऐन वेळी ऑफिसच्या कामासाठी बंगलोरला अडकला होता. आजीने, सुमतीबाईंनी, कोलंबीचं भानोलं केलं होतं. वरच्या मजल्यावरचे शालोम नवगावकरही आले होते. ते आजोबांचे शाळूसोबती, मूळचे कोकणातले ज्यू.

भानोल्याची पहिली वडी होईपर्यंत सगळं छान चाललं होतं. मग आजोबांनी सहज विचारलं, "तुमच्या रोजच्या प्रार्थनेत काय म्हणतात हो?"

"अहुरमझ्दला मानते," गुलनारबाई म्हणाल्या, "अने देवांना धिक्कारते."

आजोबांचा घास हातातच राहिला. "कोणाला?"

"देवांना. आमच्याकडे देव म्हणजे सैतानाची माणसं. पोथीतच तसं हाय, मी काय करू?"

"आणि अहुर म्हणजे आमचा असुर! म्हणजे माझी नात राक्षसांच्या घरात चाललीय?"

"राक्षस कोणाला बोलते, मनमोहनभाई?"

ओवीने कपाळाला हात लावला. सुमतीबाई मात्र हसत सुटल्या. त्यांनी तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं होतं. "अहो, ऋग्वेद उघडा. वरुणाला असुर म्हटलंय, तेही मानाने. यांचा यस्न, आपला यज्ञ. यांचा मिथ्र, आपला मित्र. एका घरातले लोक हो! पुढे बिनसलं. तुमचे ते आमचे वाईट, आमचे ते तुमचे वाईट."

आजोबांनी वकील म्हणून आयुष्यभर कोर्टात वाटणीचे दावे लढवले होते. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे भाऊबंदकी! मग आधी सांगायचं नाही का?"

"आणि मी कोण रे यात?" शालोमकाकांनी विचारलं. "आमचं जहाज नवगावला फुटलं म्हणतात. पोथ्या बुडाल्या. किनाऱ्यावर तेल गाळून पोट भरलं. लक्षात काय राहिलं, तर देव एक आणि शनिवारी तेलाचा घाणा बंद. पण गुलनारबाई, त्याच्याही कितीतरी आधी तुमच्या इराणच्या राजाने आम्हाला बाबिलोनच्या कैदेतून सोडवलं. आमचा सैतानसुद्धा तुमच्याकडूनच आला, असं काही पंडित म्हणतात."

"तो परत नको," गुलनारबाई म्हणाल्या. "तुमच्याकडेच ठेवा."

सगळे हसले. गुलनारबाईंनी पाण्याचा पेला उगाच फिरवला.

"एक बोलायचं राहिलं, दीकरा. लग्न झालं तरी तुला अगियारीत, आमच्या अग्नीच्या देवळात, आत येता येणार नाय. मला आवडत नाय, पण तसंच हाय."

ओवीला हे माहीत होतं. तरी प्रत्यक्ष ऐकल्यावर तिचे डोळे भरून आले. आजोबा ताडकन उठले. "हे चालायचं नाही! आमच्या मुलीला दारात उभी करणार?"

"आजोबा," ओवी हळूच म्हणाली, "गंधारदादाच्या मुंजीत मी पण जानवं मागितलं होतं. आठवतं? मुलींना नसतं म्हणालात. मी जिन्यात बसून रडले होते."

"आमच्यात मुलींना पण कस्ती बांधतात," गुलनारबाई म्हणाल्या. त्यांनी सदऱ्यावरून कमरेला गुंडाळलेली लोकरीच्या दोऱ्याची कस्ती ओवीला दाखवली. "सात वर्षांची होते मी. चांदीचा रुपया मिळालेला."

आजोबा उभेच होते. शेवटी खाली बसत ते म्हणाले, "दुसऱ्याचं दार उघडणं आपल्या हातात नाही. आपलं आहे. उद्या आंघोळ करून ये. गायत्री शिकवतो."

"मी पण येऊ?" गुलनारबाईंनी विचारलं. "नुसती ऐकायला."

सोमवारी सकाळी दोघी आल्या. ओवी आजोबांच्या मागून एकेक शब्द म्हणत होती, गुलनारबाई डोळे मिटून ऐकत होत्या. आजोबा 'वरेन्यं'पर्यंत पोचले, तोच स्वयंपाकघरातून आजीचा आवाज आला, "ण म्हणा, ण! पोरीला चुकीचं शिकवू नका."