तेल प्यायलेला हिरवा दगड

मी एक जुना हिरवा दगड आहे. जुना म्हणजे किती, विचारा ना! साडेसहा कोटी वर्षं! मित्रांनो, खोटं वाटत असेल तर खानदेशातल्या काळ्या खडकाला विचारा. तो आधी उकळता लाव्हा होता. थंड होताना त्याच्या पोटात बुडबुडे अडकले आणि तो ढोकळ्यासारखा जाळीदार झाला. त्यातल्या एका पोकळीत पाणी झिरपत राहिलं आणि मी कणाकणानं साठत गेलो. मी इतका मऊ आहे, की नखानं खरवडलं तरी हिरवी भुकटी निघते. खरं सांगू? मी दगड कमी आणि रंग जास्त आहे.

धुळ्याकडच्या एका गावात विहीर खणताना हिलाल नावाच्या तरुणाच्या पहारीनं खडक फुटला आणि मी पहिल्यांदा ऊन पाहिलं. त्यानं मला खिशात टाकलं. पुढे तो सुरतला आला आणि मीही आलो. जवळच्याच पलसाण्याच्या मिलमध्ये त्यानं तीस वर्षं साड्या रंगवल्या. तिथले रंग पिंपातून यायचे. त्याच्या नखांत रोज नवा रंग असायचा, पण माझा कधीच नव्हता. मी त्याच्या दाढीच्या डब्यात पडून राहिलो.

मग त्याची नात चंचल नववीत गेली. तिच्या रंगपेटीतला हिरवा संपला होता. तिला आबांच्या, म्हणजे हिलालच्या, गावच्या विहिरीचं चित्र काढायचं होतं, कारण खोकल्यानं खंगलेले आबा आता गावी जाऊ शकत नव्हते.

“आबा, विहिरीचा हिरवा कसला होता? पोपटी?”

“पोपटी काय! थांब.” आबांनी डबा उघडला. सहाणेवर पाण्याचा थेंब टाकून मला उगाळलं, त्यात बाभळीच्या डिंकाचं पाणी मिसळलं. चंचलनं कागदावर ब्रश फिरवला. आबा आपल्या अहिराणीत म्हणाले, हाच तो!

“हाऊच! हाऊच रंग व्हता!”

मित्रांनो, त्या दिवशी मी जन्मलो म्हणा ना! दर रविवारी मी थोडा थोडा झिजत होतो आणि कागदावर पायऱ्या, शेवाळ, कपारी उमटत होत्या. विहिरीतलं पाणी तेवढं चंचलनं रंगवायचं राखून ठेवलं. ते आबांच्या समोर बसून रंगवायचं होतं.

पण आबांना दवाखान्यात न्यावं लागलं. आठ दिवसांनी डॉक्टर म्हणाले, आता घरीच न्या, माणसांत राहू द्या. चंचलनं ठरवलं, आबा दारात येतील तेव्हा सहाण तयार हवी.

आबा घरी येणार होते त्या सकाळी चंचल शाळेत होती. तिची मोठी माय, म्हणजे आजी धुरपदाबाई, घरात एकटी होती. मी खिडकीत होतो. तिनं मला उचललं. गावच्या विहिरीतून आलेला दगड! तिच्या गावचा देव म्हणजे शेंदूर लावलेला दगडच होता. तिनं मला आंघोळ घातली, तेलात शेंदूर कालवला आणि बोटांनी माझ्या अंगभर लावला.

“आते तूच मन्हा देव. यासले बरं कर.”

नवऱ्याला बरं कर, असं ती मला विनवत होती. मला ओरडायचं होतं. मी मऊ, सच्छिद्र. मी ते तेल पीत गेलो, अगदी आतपर्यंत.

चंचल घरी आली. घाबरली की ती शाळेतली गुजराती बोलते. “मोठी माय, आ शुं कर्युं? हे काय केलंस? तेल लावलंस?”

“मंग देवले कोरडाच ठेवू?”

चंचलनं मला साबणानं घासलं. सहाणेवर उगाळलं. पाणी माझ्यावरून घरंगळून गेलं. बाजूच्या कोऱ्या कागदावर लावून पाहिलं, तर तपकिरी तेलकट डाग पडला. तेलानं माझा रंगच गेला हे धुरपदाबाईला कळलं, तेव्हा ती पदर तोंडाशी धरून खाली बसली.

संध्याकाळी आबा आले. चित्रात विहिरीचं पोट पांढरंच होतं. चंचल मान खाली घालून उभी राहिली. आबांनी एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा बायकोकडे.

“राहू दे, पोरी. उन्हाळामा तठे पानी ऱ्हासच नई.”

उन्हाळ्यात विहीर कोरडीच, म्हणजे चित्र बरोबरच! सगळे हसले. आबाही हसले आणि खूप वेळ खोकत राहिले. चौथ्या दिवशी ते गेले.

आता मी त्यांच्या फोटोजवळ आहे. धुरपदाबाई रोज मला फूल वाहते, पण तेल लावत नाही. ओल्या बोटानं माझी पाठ चोळते आणि बोट उजेडात धरून बघते, हिरवं झालं का.

मित्रांनो, कुणाला जपायचं असेल तर आधी विचारा, त्याला काय हवं आहे. मला फक्त एक थेंब पाणी हवं होतं.