ताणावरची बाग

किसनराव गेले त्याला तीन महिने झाले होते आणि संत्र्याची बाग पुन्हा ताणावर होती. मृगाचा बहार यावा म्हणून मे महिन्यात झाडांचं पाणी तोडायचं, हे वरुडात लहान पोरालाही ठाऊक. पाणी तुटलं की काळी जमीन हात-हात खोल फाटते, हेही. त्यांच्या मुलीला, पौर्णिमाला, ठाऊक नव्हतं असं नाही. पण दोन वर्षांपूर्वी अमरावतीत बसून, फवारणीचं औषध मातीतून विहिरीपर्यंत कधी पोचेल याचं गणित संगणकावर मांडताना तिनं माती धरली ती पुस्तकातली. सलग, कुठंही न फाटलेली. उत्तर आलं, नऊ वर्षं.

बाबा तेव्हा गावातल्या हातपंपावरून सायकलला कळशा बांधून प्यायचं पाणी आणत. गुडघे सुजलेले.

"कशाले एवढी ओढाताण करता? विहिरीचं प्या," ती म्हणाली.

"भेगीत माही बैलं हाकाची पराणी अख्खी गेली, पुनी. औषध नाई जाणार?"

"बाबा, पीएच.डी. तुमी करून राहिले का मी?"

ते खदखदून हसले. दुसऱ्या दिवसापासून कळशा सुटल्या. आल्यागेल्याच्या हाती विहिरीच्या पाण्याचा गडवा देत ते म्हणत, "प्या बिनघोर. माह्या पोरीनं पाह्यलं हाय."

पुढं यकृत गेलं. कशानं, ते डॉक्टरांना सांगता आलं नाही.

आज तिनं बादलीत कपड्यांची नीळ कालवली आणि विहिरीजवळच्या झाडाखालच्या भेगेत ओतली. मग दुसरी बादली, तिसरी. विहिरीच्या काठावरून तिची आई गोदाबाई वाकून पाहत होत्या.

"काय पाहू व माय?" गोदाबाईंनी लेकीला विचारलं.

"निळं दिसलं तं हाक मार."

ती घड्याळ धरून बसली. बाविसाव्या मिनिटाला हाक आली.

मुरमाच्या कडेतून निळी धार झिरपत होती. बारीकशीच. पौर्णिमा पाहत राहिली. आईनं काहीतरी बोलावं, शिव्या द्याव्यात, असं तिला वाटत होतं.

"त्याईले माहीत होतं, पोरी," गोदाबाई म्हणाल्या.

"मंग पेले कावून?"

"तू सांगतलं होतं ना."

गोदाबाई गोठ्याकडे गेल्या. कडब्यामागून त्यांनी सायकल ओढून काढली. दोन्ही चाकांत हवा नव्हती.