वेदीवरून उतरलेला वाडगा

मी एक जुनी वही आहे, मित्रांनो. निळ्या पुठ्ठ्याची, कडांना वाळवीने जराशी चाखलेली. व्हिएतनाममधल्या हुए शहराच्या खालच्या अंगाला, नदीकाठच्या गावात लोआन आजींनी मला घराण्याचा इतिहास लिहायला आणलं. हात धुऊन, उदबत्ती लावूनच त्या मला उघडत. पौर्णिमेला आणि प्रतिपदेला त्यांचा शाकाहार असे. त्या दिवशी अक्षरही हलक्या हाताने उमटे.

घराण्याची आधीची पोथी मोठी ऐटदार. तिच्यात सगळेच पूर्वज विद्वान आणि दानशूर. आजींच्या धाकट्या बहिणीपुढे, मीतपुढे, मात्र दोनच शब्द: ‘लहानपणीच वारली.’ दर श्राद्धाला घरातल्या पूर्वजांच्या वेदीवर तिच्या नावाने भाताचा वाडगा ठेवत.

एका प्रतिपदेला आजींनी माझ्यात लिहिलं: ‘मीत वारली नाही. दुष्काळात आईने तिला होडीवाल्यांना दिलं. बदल्यात टोपलीभर तांदूळ आले. तो भात मीही खाल्ला. तिच्या डाव्या घोट्यावर पेजेने भाजल्याचा डाग होता, चंद्रकोरीसारखा.’

थोरले भाऊ तुएन हे घराण्याचे प्रमुख. त्यांनी पान वाचलं आणि चिमटीत धरलं.

“घरची लक्तरं वेशीवर टांगायला वही आणलीस होय, लोआन? फाडतो हे.”

“दादा, पोर जिवंत असेल तर साठ वर्षं आपण जिवंत माणसाच्या नावाने मेल्याचं पान वाढतोय. हे पाप माझ्या कुठल्या व्रताने फिटेल?”

“आणि आईला लोक काय म्हणतील?”

“भुकेली होती म्हणतील. होतीच.”

चिमटी सुटली. त्या श्राद्धाला आजींनी ते पान भरल्या पंगतीत वाचलं. नावाडी बाओच्या हातातल्या जेवणाच्या काड्या थांबल्या.

“घोट्यावर चंद्रकोर? पलीकडच्या घाटावर शिंपले विकणारी म्हातारी आहे तशी. म्हणते, पेज सांडली होती, पण कुणाच्या घरात ते आठवत नाही.”

पुढच्या श्राद्धाला ती म्हातारी आली. तुएनदादांनी स्वतः वेदीवरचा वाडगा उतरवून तिच्यापुढे चटईवर ठेवला.

“उशीर झाला, मीत. भात निवला असेल.”

“साठ वर्षं निवतोय, दादा. आता गरम वाढा.”

ती पोथी अजून वरच्या फळीवर रेशमात असते. मी खाली, माणसांत. माझ्या पानांना मीतच्या बोटांचा, शिंपल्यांचा वास आहे आणि तो मी मानाने मिरवते. मित्रांनो, आपल्या माणसांबद्दल लिहाल तेव्हा गोड खोटं लिहू नका. आणि घोट्यावरचा डाग तेवढा विसरू नका. एखादं माणूस त्यावरूनच घरी येतं.