सात बरोबर सात

फळ्यावर मिनोरीने पुन्हा तोच घोळ घातला. पहिल्या समीकरणातून तिने य ची किंमत क्ष च्या रूपात अगदी नीट काढली, आणि उचलून ठेवली परत पहिल्याच समीकरणात. क्ष आणि य दोघेही पसार झाले. खाली उरलं, सात बरोबर सात.

"वा! नाही कोण म्हणतंय?" ओगाता सर म्हणाले. आठवीचा वर्ग खिदळला. "अगं, ज्याच्याकडून ऐकलंस त्यालाच जाऊन सांगितलंस, तर तो हो हो म्हणणारच. दुसऱ्याकडे जा. तो काही वेगळं सांगेल, तेव्हा उत्तर निघेल. आणि निघालं की दोन्हीकडे ताळा पाहायचा."

मिनोरी मान खाली घालून फळा पुसू लागली. तिच्या डोक्यात सेंदाई होतं. कंपनीने बाबांची तिकडे बदली केल्याला तीन वर्षं होत आली होती. ते तिथे एकटे राहत, आणि ती आईबरोबर इकडे ताकामात्सुला. एप्रिलमध्ये शाळेचं नवं वर्ष सुरू व्हायच्या आत दोघींनी तिकडे जायचं की नाही, हे ठरायचं होतं. तिला जायचं होतं. फार जायचं होतं. पण तिला कोणी विचारलंच नव्हतं, म्हणून तीही बोलली नव्हती.

आईला विचारलं की आई म्हणे, "बाबा म्हणतील तसं." रविवारी फोनवर बाबांना विचारलं की ते म्हणत, "आई म्हणेल तसं." दोघंही इतकी समजूतदार की गाडी पुढे सरकतच नसे.

त्या रविवारी बाबांनी पुन्हा तेच म्हटलं आणि मिनोरीला फळ्यावरचं सात बरोबर सात आठवलं. माणसं दोन होती खरी, समीकरण मात्र एकच होतं. दुसरं कोणीतरी मांडायला हवं होतं, आणि घरात तिसरं माणूस तीच.

"बाबा, आईचं राहू दे. मला यायचंय तिकडे."

फोनमागचा टीव्हीचा आवाज बंद झाला.

"तसं नाही गं बाळा," बाबा म्हणाले. "इथली खोली एकट्यापुरतीच आहे."

"मग मोठं घर घ्या ना."

"मला आता सवय झालीय, मिनोरी. तुम्ही दोघी तिथेच बऱ्या आहात."

उत्तर निघालं होतं. तिला फार वाईट वाटलं, आणि विचारल्याबद्दल स्वतःचाच राग आला.

ती स्वयंपाकघरात गेली. आई पाठमोरी उभी राहून तांदूळ धूत होती.

"आई, आपण इथेच राहायचं."

आईने गढूळ पाणी ओतून दिलं, पातेल्यात नवं घेतलं.

"बरं," ती म्हणाली.

का, असं तिने विचारलं नाही. बाबांचं उत्तर आईला केव्हाचंच माहीत होतं. ताळा दोन्हीकडे जमला होता.

"वाडगे काढ," आई म्हणाली, अजून पाठमोरीच.