वाकायचं कुणी

बस लेका, ती खुर्ची ओढ इकडं. हिवाळ्यात हॉलमधी सरावाला रिमोटची कोणती गाडी घेऊ, एवढंच विचारलंस ना? एका शब्दात सांगितलं तर तू चुकीची घेशील. त्यापेक्षा माझी मी कशी घेतली ते ऐक. माझी पाळी यायला वीस मिनिटं आहेत.

मी वेंडेल. बत्तीस वर्षं जिल्ह्याच्या रस्त्यांवरचा बर्फ काढायचा ट्रक चालवला. उन्हाळाभर आम्ही मातीच्या ट्रॅकवर गाड्या उडवतो. ऑक्टोबरात बर्फ पडला की माती बंद, मग सगळे ह्या जुन्या स्केटिंगच्या हॉलमधी, गालिचा अंथरलेल्या ट्रॅकवर. एक हिवाळा बोटं रिकामी राहिली तर माझ्या वयात ती परत वळत नाहीत बाबा.

आता इथला नियम. आपली शर्यत संपली की रिमोट ठेवायचा, ते खुंटीवरचं नारिंगी जाकीट चढवायचं आणि पुढच्यांच्या शर्यतीत कोपऱ्यावर उभं राहायचं. कुणाची गाडी उलटली की पळायचं, वाकायचं, सरळ करायची. उभा नाही राहिला तर त्याची शर्यत खोडतात. बावीस वर्षांत माझी एकदाही खोडली नव्हती.

सप्टेंबरात पाठीचं ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उन्हाळ्यापर्यंत वाकायचं नाही. मोजासुद्धा दुसऱ्यानं चढवायचा."

झालं. वाकणं नाही तर उभं राहणं नाही, उभं राहणं नाही तर शर्यत नाही. घरी खिडकीत बसून मनातल्या मनात लई डोकं चालवलं. म्हणलं, कधी उलटतच नाही अशी गाडी घेतली तर? माझ्यासाठी कुणी वाकायला नको, मी कुणासाठी वाकायला नको. फिट्टंफाट.

गेलो मार्लिसच्या दुकानात. हा हॉलही तीच चालवते.

"ती सपाट गाडी दाखव, डांबरावर पळवतात ती."

तिनं चष्म्यावरून बघितलं. "तुला? उन्हाळाभर बेडकासारखा उड्या मारतोस. सपाट गाडीवर काय सराव होणार तुझा? कप्पाळ?"

"वय झालं आता."

"वेंडेल, खोटं बोलताना तुझे कान लाल होतात."

मग सांगितलं सगळं. तिनं गाडी काही विकली नाही. म्हणाली, "शनिवारी ये. दोन्ही आणते. चालवून बघ."

शनिवारी आलो. सपाट गाडी चालवली. दहा फेऱ्या, एकदाही उलटली नाही. आणि सांगू? झोप आली मला.

डेलबर्ट शेजारी उभा. ह्याचं माझं तीस वर्षं पटत नाही. ओरडला, "काय रे, इस्त्री घेतलीस का? माझे दोन शर्ट राहिलेत!"

सगळा हॉल हसला. मी चिडून मार्लिसची दुसरी गाडी घेतली, उड्या मारणारी बगी, आणि रिमोटचा घोडा दाबला. तिसऱ्या उडीला ती आडवी, मग पाठीवर, पलीकडच्या कोपऱ्यात. चारही चाकं हवेत, उलट्या झुरळासारखी. मी वर, गाडी चालवायला उभे राहतात त्या चौथऱ्यावर, हातात रिमोट, आणि जाऊन वाकता येईना. असा कधी लाजलो नव्हतो.

डेलबर्ट चालत गेला. वाकला. सरळ केली. पुढच्या पाच मिनिटांत चारदा केलं त्यानं तसं.

मी खाली उतरलो. म्हणलं, "मार्लिस, सपाटच दे. रोज रोज कोण वाकणार?"

ती म्हणाली, "फळ्यावर बघ जरा."

कोणत्या कोपऱ्यावर कोण उभं राहणार, त्याची यादी त्या फळ्यावर असते. माझ्या नावापुढं एप्रिलपर्यंतचे सगळे शनिवार भरलेले, माझ्या जागी उभं राहणाऱ्यांची नावं, आळीपाळीनं. पहिलं डेलबर्टचं.

मी त्याच्याकडं बघितलं, तर तो कॉफीत तोंड घालून म्हणतो, "माझ्याकडं काय बघतोस? उन्हाळ्यात हरलास की सराव नव्हता म्हणून रडशील. ते रडगाणं मला ऐकायचं नाही, बस."

मी नाक शिंकरलं आणि बगी घेतली. मार्लिसनं तिच्यात मुद्दाम सगळ्यात मंद मोटर घातली. म्हणाली, "एवढ्याशा हॉलमधी वेगाची गाडी भिंतीतच जाते. हळू चालव, कमी उलटेल." तेव्हापासून दर शनिवारी मी ह्या टेबलाशी बसून सगळ्यांचे टायर चाकांना चिकटवून देतो. बसून जमतं तेवढं. बोटांचा डिंक काही जात नाही, पण बोटं वळतायत बघ, पोरासारखी. ही ह्या लोकांची देणगी आहे, माझी नाही.

तर तूही तसलीच घे. उन्हाळ्यात जी चालवणार तिच्यासारखी, मोटर मंद. उलटेल. उलटू दे.

आता एक काम कर माझं. आज माझ्या जागी परत डेलबर्टची पाळी होती, पण त्याचा फोन आला, बर्फात रस्ता बंद आहे, तिकडंच अडकलाय. माझी शर्यत झाली की ते नारिंगी जाकीट तू घालशील? त्या पलीकडच्या उडीपाशी उभा राहा. जी गाडी उलटेल ती सरळ कर, कुणाची आहे ते बघत बसू नकोस. एवढं कर लेका माझ्यासाठी.